रानाच्या हद्दी

सांगली, सातारा किंवा सोलापूरकडचा शेतकरी रानात गेला असे म्हटले की तो पिकात, पाणी पाजायला किंवा शेतावरच्या वस्तीला गेला असे ऐकणाऱ्याला कळते. घाटमाथ्यावरचा महादेव कोळी किंवा रायगडच्या डोंगरातला कातकरी रानात जातो तेव्हा तो कंद, मध, सरपण आणि खेकडे आणायला गेलेला असतो; आणि मेंढपाळ धनगर यंदा रान कोणीकडे चांगले आहे असे विचारतो तेव्हा त्याला चरण्याजोगे गवत कुठे उगवले आहे एवढेच जाणून घ्यायचे असते. पेरलेले शेत, दाट झाडी आणि उघडा माळ या तिन्हींना मराठी मुलखात एकच नाव मिळाले, याचे कारण बोलण्यातला ढिसाळपणा हे नव्हे. एकोणिसाव्या शतकापर्यंत या मुलखातील बरीचशी जमीन कधी शेत, कधी पड, कधी झाडी आणि कधी चराऊ कुरण अशी आलटूनपालटून वापरली जात असे, आणि त्या व्यवस्थेची खूण या शब्दात टिकून राहिली आहे. पुढे जमीनमोजणी आणि वनकायदा या दोन उपायांनी सुमारे शंभर वर्षांत ती व्यवस्था मोडली आणि रानाला प्रथमच कायमच्या हद्दी पडल्या. त्या हद्दींच्या चुकीच्या बाजूला जी माणसे, जी गुरे आणि जी गवते सापडली त्यांचा इतिहास मराठी वाचकाला तुकड्यातुकड्यांनी ठाऊक असतो. तो सलग पाहिला जात नाही.

गाव आणि अरण्य हा भेद भारतीय विचारात फार जुना आहे, वैदिक वाङ्मयातही ग्राम्य आणि आरण्य पशू वेगळे मानलेले आढळतात. परंतु अरण्य म्हणजे केवळ माणसाचा हात न लागलेला प्रदेश अशी कल्पना त्यामागे नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लाकूड, वेळू, साली इत्यादी माल देणारे द्रव्यवन, हत्तींसाठी राखलेले हस्तिवन आणि शिकारीचे मृगवन असे वनांचे प्रकार सांगितले आहेत, आणि वनात राहणाऱ्या आटविक लोकांशी राजाने कसे वागावे याचाही विचार केला आहे. आयुर्वेदाने प्रदेशांची जी विभागणी केली ती याहून लक्षणीय आहे. पाणथळ, दाट झाडीच्या प्रदेशाला आनूप म्हटले गेले, तर कोरड्या हवेच्या, मोकळ्या आकाशाच्या, खैर, धावडा आणि बोर अशा विरळ झाडांच्या व हरणे-तित्तिरांच्या प्रदेशाला जांगल हे नाव मिळाले, आणि आरोग्याला हा जांगल प्रदेशच हितकर ठरवला गेला. फ्रान्सिस झिमरमन या फ्रेंच अभ्यासकाने या विभागणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहून दाखवले की आज जंगल म्हटल्यावर जे गर्द, ओलसर चित्र उभे राहते त्याच्या जवळपास उलट असा प्रदेश त्या नावाने ओळखला जात होता. दख्खनच्या पर्जन्यछायेतील, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यातील माळराने हीच महाराष्ट्रातील खरी जांगल भूमी होय, आणि पुढे याच भूमीच्या वाट्याला सर्वांत जास्त उपेक्षा आली.

मराठ्यांच्या राज्यकारभारात रान ही राज्याची मालमत्ता, संरक्षणाची भिंत आणि गावाचा ठेवा अशा तिन्ही नात्यांनी येते. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तिचे मोल तिथल्या घाटवाटांइतकेच तिथल्या निबिड झाडीत होते, आणि १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत मोगली फौजेची कोंडी झाली ती अरुंद खिंड आणि दाट रान यांच्या संगनमताने. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याच्या घेऱ्यातील झाडी जपावी, तिथली काठीही तोडू देऊ नये अशी ताकीद आहे. आरमारासाठी साग-शिसवासारखे लाकूड लागेल ते परवानगीने तोडावे, पण आंबा, फणस अशी रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडे मालकाला राजी करून आणि मोबदला देऊनच घ्यावीत असेही त्यात बजावले आहे. याच्या जोडीला घोडदळाच्या पागांसाठी सरकारने राखलेली कुरणे होती, म्हणजे ठरावीक मुदतीत गवत वाढू देऊन मग कापणी करण्याच्या जागा. राखीव रान ही कल्पना इंग्रजांनी आणली असे जे सरसकट म्हटले जाते ते म्हणूनच बरोबर नाही. फरक इतकाच की जुनी राखण ही विशिष्ट जागेची, विशिष्ट कामासाठी आणि पुष्कळदा विशिष्ट हंगामापुरती असे, आणि तिच्या बाहेरच्या रानावर गावकऱ्यांचे, गुराख्यांचे व डोंगरातल्या जमातींचे हक्क एकावर एक रचलेले असत.

हे रचलेले हक्क नेमके कसे चालत ते कोकण आणि घाटमाथ्यावरील भातशेतीत सर्वांत स्पष्ट दिसते. तिथे खाचरातील भात हे पीक एकट्या खाचरावर उभे राहत नाही. होळीच्या आगेमागे शेतकरी ऐन, किंजळ अशा झाडांच्या पालेदार फांद्या तोडून आणतो, रोप टाकायच्या तुकड्यावर शेण, पाला, गवत यांचे थर पसरून वर मातीचा हात फिरवतो आणि ते भाजतो. याला राब म्हणतात. त्यामुळे तणाचे बी मरते, मातीला राख मिळते आणि पहिल्या पावसानंतर पेरलेले रोप जोमाने येते. झाड मुळापासून तोडले जात नाही, त्याच्या फांद्या छाटल्या जातात आणि ते पुन्हा फुटते. खाचराला लागून असलेली चढाची वरकस जमीन, म्हणजे जिच्यावर दोनतीन वर्षे नाचणी-वरी घेऊन मग काही वर्षे पड ठेवली जाते ती जमीन, हाच या पालापाचोळ्याचा मुख्य साठा असे. वरकस जमिनीला शेत म्हणावे की जंगल, या प्रश्नाला त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ नव्हता. डोंगरातील ठाकूर आणि कातकरी हे दळी पद्धतीने, तर दक्षिण कोकणातील लोक कुमरी पद्धतीने शेती करीत. दोन्हींत झाडोरा तोडून, जाळून, राखेत बी टाकायचे आणि काही वर्षांनी ती जागा झाडीला परत द्यायची असे. एवढे सर्व करूनही गावाच्या एखाद्या कोपऱ्यात देवराई राहत असे, जिथे देवाच्या धाकाने वाळकी काटकीही उचलली जात नसे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या राया धुंडाळल्या तेव्हा आसपासच्या टेकड्या बोडक्या झालेल्या असतानाही मूळ सदाहरित झाडीचे तुकडे त्यांना तिथे सापडले.

देशावर याच गोष्टीचे दुसरे रूप होते. पावसाळ्यात कमी पावसाच्या माळांवर राहणारी धनगरांची मेंढरे दिवाळीनंतर पश्चिमेकडे उतरत आणि पीक निघालेल्या शेतात रात्री बसवली जात. मेंढरांच्या लेंड्या-मुताने शेताला खत मिळे आणि शेतकरी त्याबद्दल धान्य देई. ग्युंटर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या दैवतांचा माग काढताना वन आणि क्षेत्र यांच्या या देवाणघेवाणीतच महाराष्ट्रातील लोकदैवतांचे मूळ पाहिले. जेजुरीच्या खंडोबाच्या दोन पत्नींपैकी म्हाळसा वाण्याची, म्हणजे वस्तीतली, आणि बाणाई धनगराची, म्हणजे रानातली; देवाला दोन्ही घरे लागतात. महाराष्ट्राच्या समाजरचनेविषयी जे निष्कर्ष गेल्या अर्धशतकात मांडले गेले त्यांत हा एक अत्यंत मोलाचा आहे, कारण तो रानाला संस्कृतीच्या बाहेर ढकलत नाही.

या व्यवस्थेवर पहिला घाव पडला तो जंगलावरून नव्हे, शेतावरून. पेशवाई बुडाल्यानंतर प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याच्या फसलेल्या जमीनमोजणीच्या अनुभवातून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ साली इंदापूरपासून नवी पाहणी सुरू केली. प्रत्येक शेताला नंबर, दगडांनी दाखवलेली कायम हद्द, प्रतीनुसार आकार आणि तीस वर्षांसाठी ठरलेला धारा अशी तिची पद्धत होती. वाढीव आणि अनिश्चित महसुलाने गांजलेल्या रयतेला तिच्यामुळे निश्चितता मिळाली हे खरेच आहे, आणि पडून राहिलेली पुष्कळ जमीन पुन्हा लागवडीला आली हेही खरे आहे. परंतु ज्या जमिनीला नंबर पडला नाही, किंवा जी कोणाच्या नावे आकारली गेली नाही, ती आपोआप सरकारची पडीक ठरली. गायरान, म्हणजे गावच्या गुरांसाठी सोडलेली सामायिक चराई, सरकारी दप्तरात मोफत गुरचरण या नावाने नोंदली गेली. त्या नावातील मोफत या शब्दाने हक्काची सवलत झाली, आणि सवलत दिलेली असेल तर ती काढूनही घेता येते.

दुसरा घाव लाकडाच्या गरजेतून आला. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी मलबारपासून डांगपर्यंतचा साग लागत होता. तो संपत चालला या धास्तीने मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन याची जंगलांचा पहिला संरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची, तसेच इंजिनाच्या जळणाची मागणी याच डोंगरांवर येऊन पडली. १८६५ चा पहिला वनकायदा तोकडा वाटल्याने १८७८ चा कायदा झाला, ज्याचा सांगाडा १९२७ च्या कायद्यातून आजपर्यंत चालत आला आहे. त्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग होते: राखीव जंगलात जे परवानगीने स्पष्टपणे दिलेले नाही ते सर्व मना, तर संरक्षित जंगलात जे मना केलेले नाही ते सर्व चालणारे. राखीव करण्याआधी जाहीर सूचना काढून ठरावीक मुदतीत लोकांचे दावे मागवले जात, आणि मुदतीत न सांगितलेला हक्क संपला असे धरले जाई. ज्यांना लिहितावाचता येत नव्हते आणि ज्यांचे हक्क आजवर कोणी विचारलेच नव्हते, त्यांच्या बाबतीत या एका कलमाने पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा निकाल लावला. तिसरा वर्ग, गावाच्या ताब्यातील ग्रामवनाचा, बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला, आणि या कायद्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी गमावलेली संधी तीच म्हटली पाहिजे.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष उसळला तो राबासाठी. झाड छाटले की ते खुरटते आणि त्याला सरळ लाकूड येत नाही, म्हणून वनखात्याला राब हा अपव्यय वाटे. शेतकऱ्याला राबाविना भात पिकवणे अशक्य वाटे. जमीनदार, वकील आणि रयत यांच्या अर्जांचा इतका रेटा झाला की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याने १८८७ साली अहवाल दिला आणि राबाच्या बाबतीत काही मोकळीक मिळाली. आयोगापुढे ज्यांचा आवाज पोहोचला ते मुख्यतः खाचरे असणारे शेतकरी होते. कातकऱ्यांच्या दळीला मात्र सहानुभूती कमी मिळाली. १८९२ साली महुवा कायद्याने याच दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध आले. उन्हाळ्यात गरिबाच्या पोटाला आधार देणारे, गुरांना घातले जाणारे आणि दारू गाळण्याच्याही उपयोगाचे हे फूल, अबकारी उत्पन्नाच्या रक्षणासाठी, वेचणाऱ्याच्या घरात सापडणे हाच गुन्हा ठरू शकला. देशावरील गुरेवाल्यांची हीच व्यथा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात मांडली. गायराने, पडीक जमिनी आणि डोंगर सरकारी जंगलात ओढले गेल्याने शेतकऱ्याची शेळीसुद्धा मोकळ्या हवेला महाग झाली, असा त्यांचा घणाघाती आरोप होता. शेतीच्या ऱ्हासाची कारणे सांगताना जंगलखात्याला इतके ठळक स्थान देणारा त्या काळातील दुसरा ग्रंथ दाखवणे कठीण आहे.

रानाबरोबर रानातली माणसेही वर्गवारीत अडकली. खानदेशात १८१८ नंतर भिल्लांशी इंग्रजांचा जो संघर्ष झाला त्याचा एक शेवट म्हणून १८२५ साली आउट्रम याने भिल्ल पलटण उभी केली. सपाटीवरील गावांकडून भिल्ल नाईक परंपरेने जो हक्क वसूल करीत त्याला लूट ठरवून, त्याच नाईकांना पगारी शिपाई बनवण्याचा हा प्रयत्न होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार मानण्याची सोय केली. जंगली आणि रानटी ही विशेषणे माणसाला हीन ठरवण्यासाठी जी सर्रास वापरली जाऊ लागली त्यांना या काळातील सरकारी अहवालांनी आणि शिकलेल्या वर्गाने मिळून बळ दिले. याला छेद देणारी साक्ष डांगात मिळते. तिथल्या भिल्ल राजांनी १८४२ च्या सुमारास आपली सागवानी जंगले इंग्रजांना पट्ट्याने दिली आणि शतकाच्या अखेरीस तिथेही राखीव जंगलाची आखणी झाली. इतिहासकार अजय स्कारिया यांनी डांगी लोकांच्या तोंडून ऐकलेल्या जुन्या हकिगतींवरून, ज्यांना तिथे गोठ म्हणतात, दाखवले की हे लोक आपला भूतकाळ दोन कालखंडांत मांडतात: आखणीपूर्वीची मोगलाई, जेव्हा फिरता येई, शिकार करता येई, हक्क वसूल करता येई, आणि मांडिनी, म्हणजे हद्दी मांडल्या गेल्यानंतरचा काळ. रानाशी नाते सांगणे हा या गोष्टींत कमीपणा नाही, ते राजेपणाचे लक्षण आहे. १९६० साली डांग गुजरात राज्यात गेला, पण आहवा येथील वार्षिक दरबारात भिल्ल राजांच्या वंशजांना आजही मानधन दिले जाते, आणि नाशिक-खानदेशाशी त्यांच्या बोलीचे व सोयरिकीचे नाते तुटलेले नाही.

१९३० सालच्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्राने मिठाइतकेच गवत हे हत्यार म्हणून निवडले यात आता नवल वाटू नये. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडात लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै रोजी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून अटक करवून घेतली. सांगलीकडे बिळाशी, नगर-नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांत आणि इतरत्र हजारो लोक विळे-कोयते घेऊन रानात शिरले. उरणजवळ चिरनेर येथे २५ सप्टेंबरला झालेल्या गोळीबारात सत्याग्रही मारले गेले. पुढाऱ्यांनी कायदा मोडण्यासाठी गवत निवडले, कारण ते तोडल्याने झाड मरत नाही. पण आलेल्या आगरी, ठाकूर, कोळी, कुणबी लोकांच्या मनात तो प्रतीकापुरता गुन्हा नव्हता. आजोबांच्या वेळी जे आपले होते ते परत घेण्याची ती पहिली उघड वेळ होती.

स्वातंत्र्यानंतर राखणीचा हेतू बदलला, हद्दी तशाच राहिल्या. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि पुढच्या दोन वर्षांत मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत दाखल झाला. या कायद्याविना महाराष्ट्रात वाघ उरला नसता, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. त्याची किंमत मात्र सारखी वाटली गेली नाही. फासेपारधी समाज, जो फासे लावून तित्तिर, ससे, काळवीट धरण्याच्या कसबावर जगत होता आणि ज्याच्यावरील गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कुठे पुसला गेला होता, त्याचा पिढीजात धंदाच पुन्हा गुन्हा झाला. रानडुक्कर आणि विदर्भातील रोही, म्हणजे नीलगाय, पिकात शिरले की राखणदाराने काय करावे हा प्रश्नही याच हद्दींतून जन्मला, कारण जनावराला शेत आणि रान यांतील सीमा ठाऊक नसते.

सर्वांत दारुण कहाणी माळरानाची आहे. दाट झाडी नाही म्हणून वनखात्याच्या दृष्टीने ते निकृष्ट, नांगर चालत नाही म्हणून महसूल खात्याच्या दृष्टीने ते पडीक. त्यामुळे सुधारणा म्हणून तिथे सुबाभूळ, नीलगिरी, गिरिपुष्प अशी झाडे लावली गेली आणि पवन्या, डोंगरी, मारवेल, कुसळी ही गवते मागे हटली. त्याच माळावर माळढोक पक्षी, लांडगा आणि काळवीट जगत होते. सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात माळढोक आढळल्यानंतर १९७९ साली सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य जाहीर झाले, ज्यात शेते, गावे आणि बाजारपेठासुद्धा येत होत्या. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. आधी माळाची मुळीच गणती न करणे आणि मग एकदम दोन जिल्ह्यांचा मोठा भाग हद्दीत घेणे, या दोन्हींमागे एकच उणीव होती: गवत वाढवणारा, चारणारा आणि त्यात पक्ष्याचे अंडे पाहून वाट बदलणारा माणूस या आखणीत कुठेच धरलेला नव्हता. आज माळढोक तिथे क्वचितच दिसतो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने १८७८ साली बंद झालेले दार काही प्रमाणात उघडले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ग्रामवन हा कागदावर राहिलेला वर्ग सुमारे एकशेतीस वर्षांनी अशा रीतीने प्रत्यक्षात उतरला. याच कायद्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्कही नमूद आहे. पण आदिवासी म्हणून नोंद नसलेल्या समाजाला त्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो, आणि वर्षातील निम्मा काळ वाटेवर असणाऱ्या धनगराकडे रहिवासाचा कागद असण्याची शक्यता फार थोडी. त्याहून मोठी अडचण अशी की हा कायदा वनजमिनीपुरताच आहे. महसुली दप्तरात गायरान किंवा पडीक म्हणून नोंदलेला माळ त्याच्या कक्षेबाहेर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला, परंतु त्या जमिनीवर कोणी, कोणत्या हंगामात, किती गुरे चारावीत याचा हक्क ठरवणारी तरतूद झालेली नाही. आणि तोवर सौरऊर्जेचे प्रकल्प, औद्योगिक वसाहती व झाडे लावण्याच्या मोहिमा यांच्यासाठी जमीन शोधताना मोकळी जागा म्हणून सर्वांत आधी नजर जाते ती याच रानाकडे.